सूर्य ब्रह्मगिरीवरून उगवला तेव्हा : मुलांनी स्वतः करायच्या ॲनिमेशनची तीन ॲप्स

पाचवीच्या मुलांनी केलेल्या १२ सेकंदांच्या फिल्ममध्ये सूर्य ब्रह्मगिरीच्या बाजूने वर आला. वर्ग क्षणभर गप्प झाला आणि मग मागच्या ओळीतून आवाज आला, "ओ बाई, आपला सूर्य तर अंजनेरीवरून येतो ना!"

आमचं गाव त्र्यंबकच्या अलीकडे आहे. सकाळचं ऊन अंजनेरीच्या डोंगरामागून येतं आणि संध्याकाळी ब्रह्मगिरीच्या डोंगराआड जातं, हे इथे शेळ्या राखणाऱ्या पोरालाही कुणी शिकवावं लागत नाही. आठच दिवसांपूर्वी याच मुलांनी चाचणीत लिहिलं होतं, 'पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते.' मी सगळ्यांना पूर्ण गुण दिले होते. वाक्य बरोबरच होतं. पण पृथ्वी हातात घेऊन फिरवायची वेळ आली तेव्हा तीच मुलं तिला उलट फिरवत होती, आणि हे त्यांना किंवा मला कुठल्याही प्रश्नपत्रिकेने सांगितलं नसतं.

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. गेली तीन वर्षं मुलांकडून ॲनिमेशन करून घेते आहे. तयार ॲनिमेशन दाखवणं आमच्याकडेही होतंच. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की व्हिडिओ मिळतात, मुलं खूश होऊन बघतात. पण बघताना प्रत्येक मूल मान डोलावतं, आणि कोणाला काय कळलं ते कळत नाही. स्वतः करायला बसलं की मात्र प्रत्येक चित्रानंतर एकच प्रश्न समोर येतो : आता पुढे काय होईल? मधलं पाऊल माहीत नसेल तर हात तिथेच थांबतो. मला शिक्षक म्हणून हवा असतो तो हाच क्षण. म्हणून ज्या तीन ॲप्सनी तो वारंवार मिळवून दिला त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिते आहे. यातल्या कोणत्याही कंपनीशी माझा संबंध नाही.

पहिलं आणि माझं सगळ्यात लाडकं, स्टॉप मोशन स्टुडिओ. यात वस्तू थोडी सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा थोडी सरकवायची, पुन्हा फोटो. ॲप ते फोटो एकामागून एक दाखवतं आणि वस्तू चालायला लागते. अँड्रॉइडवर चालतं, मोफत आवृत्ती आहे, खातं उघडावं लागत नाही. माझ्या जुन्या फोनवर, सिमकार्ड काढून टाकलेल्या, ते व्यवस्थित चालतं. सिम काढण्याचं कारण साधं आहे. चित्रीकरण चालू असताना फोन थरथरला की चौकट हलते आणि मुलांची अर्ध्या तासाची मेहनत वाया जाते.

या ॲपची खरी ताकद म्हणजे आधीचा फोटो नव्या चित्रावर पुसट दिसत राहतो. आमची मुलं त्याला 'सावली' म्हणतात. "सावलीपासून एक बोट पुढे घे" असं एकमेकांना सांगतात. वस्तू किती सरकली, कुठून सरकली, हे त्यामुळे डोळ्यांसमोर राहतं. शिवाय सेकंदाला किती फोटो दाखवायचे ते आपण ठरवू शकतो, आवाज भरता येतो, आणि फोन ठरावीक सेकंदांनी आपोआप फोटो काढेल अशीही सोय आहे. ही शेवटची सोय लहान मुलांसाठी फार उपयोगी आहे, कारण बटण दाबताना फोन हलण्याचा प्रश्नच मिटतो. फक्त "हाऽऽत!" असं ओरडणारा एक जण नेमावा लागतो. नाहीतर प्रत्येक तिसऱ्या फोटोत कुणाचा तरी पंजा येतो.

स्टँड विकत घेतलेला नाही. दोन बाजूंना विटांचे सारखे थर, वर दोन फळ्या, फळ्यांमध्ये चार बोटांची फट, फटीवर फोन आडवा, कॅमेरा खाली. खाली जमिनीवर चित्रीकरण. उभ्या दृश्यांसाठी फोन विटांच्या खाचेत उभा राहतो. खर्च शून्य आणि स्टँडपेक्षा भक्कम. उजेडाचं मात्र नीट बघावं लागतं. पहिल्या वर्षी आम्ही खिडकीजवळ चित्रीकरण केलं आणि ढग येत-जात राहिल्यामुळे सगळी फिल्म लुकलुकत होती. आता खिडक्या लावून ट्यूबच्या उजेडात करतो. ॲपमध्ये फोकस आणि उजेड एका जागी पक्का करता येतो, तो सुरुवातीलाच करून घ्यावा.

वेगाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण अनेक शिक्षक इथेच दमून सोडून देतात. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी असतात. त्या हिशेबाने १ मिनिटाच्या फिल्मला १४४० फोटो लागतील. चौथी-पाचवीची मुलं तेवढ्यात कंटाळून पळतील. ऑस्ट्रेलियातल्या वुलनगाँग विद्यापीठातले गॅरी होबन यांनी 'स्लोमेशन' नावाची पद्धत विकसित केली. त्यात सेकंदाला फक्त २ फोटो. १ मिनिटाला १२० फोटो झाले की काम भागतं. हालचाल थोडी धक्के खात होते, पण विज्ञानातली प्रक्रिया समजावायला ती पुरते, आणि मुलं प्रत्येक फोटोवर थांबून बोलतात. मी ही पद्धत वाचली आणि त्या दिवसापासून आमच्या वर्गातली घाई संपली.

आता त्या उलट्या सूर्याकडे परत येते. आम्ही रबरी चेंडू घेतला होता. तो घरंगळू नये म्हणून बांगडीवर ठेवला आणि बांगडी एका पांढऱ्या कागदावर. फोन बरोबर वर, म्हणजे उत्तर ध्रुवावरून पाहतो आहोत असं समजायचं. कागदावर मुलांनी कोनमापकाने २४ रेघा आखल्या. दिवसाचे तास २४, पूर्ण फेरी ३६० अंशांची, म्हणजे तासाला १५ अंश. हा भागाकार मी फळ्यावर मांडला नव्हता, मुलांनी कागदासाठी म्हणून केला. चेंडूच्या कडेला कागदी झोपडी चिकटवली, तिच्या एका बाजूला अंजनेरी, दुसऱ्या बाजूला ब्रह्मगिरी. एका बाजूने टॉर्च. खोलीत अंधार. दर फोटोला चेंडू एक रेघ पुढे.

मुलांनी चेंडू घड्याळाच्या काट्यांसारखा फिरवला, कारण फिरवायचं म्हटलं की हात तसाच फिरतो. मी बघत होते आणि गप्प बसले. तसं गप्प बसणं मला अवघड गेलं. २४ फोटो झाले, फिल्म लावली, ब्रह्मगिरी आधी उजेडात आला. मग जो वाद झाला तो मी विसरणार नाही. एका मुलीचं म्हणणं की टॉर्च चुकीच्या बाजूला आहे. टॉर्च दुसऱ्या बाजूला नेऊन पुन्हा २४ फोटो काढले. सूर्य पुन्हा ब्रह्मगिरीवरूनच. दुसऱ्या मुलाने डोंगरांची अदलाबदल करू म्हटलं. त्यावर तीच मुलगी रागावली, "डोंगर कसे हलवशील? ते तर खरे आहेत ना!" तिसऱ्या दिवशी त्यांनी चेंडू उलटा फिरवून पाहिला. अंजनेरीच्या टोकाला आधी उजेड लागला आणि वर्गात जो गलका झाला तो ऐकून शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले.

तीन दिवस गेले. अभ्यासक्रमाच्या नियोजनात या मुद्द्याला एक तासिका होती. मला ते तीन दिवस महाग वाटत नाहीत. पश्चिमेकडून पूर्वेकडे, हे दोन शब्द त्या मुलांच्या हातात बसले आहेत. आता कुणी विचारलं तर उत्तर देण्याआधी त्यांचा पंजा आपोआप डावीकडे वळतो.

याच ॲपवर चौथीने वाटाणा वाढवला. यामागे आमच्या मातीतली एक गोष्ट आहे आणि ती मी मुलांना दरवर्षी सांगते. दादासाहेब फाळक्यांचा जन्म १८७० साली इथेच, त्र्यंबकेश्वरला झाला. 'राजा हरिश्चंद्र' करण्याआधी, १९१२ च्या सुमारास, त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि रोप वाढेल तसतसं कॅमेऱ्याने थोडं थोडं टिपत एक छोटा चित्रपट केला. भांडवल देणाऱ्याला पटावं म्हणून केलेला हा प्रयोग 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखला जातो. फाळक्यांच्या सिनेमाचं पाऊल पडायला लागलं ते एका वाटाण्याच्या कोंबाने, आणि तो लावणारा माणूस आपल्या तालुक्यात जन्मलेला, हे ऐकल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं ते पाहण्यासारखं असतं.

आम्ही काचेच्या ग्लासात टिपकागद आणि कापूस घालून वाटाणा काचेला टेकून ठेवला. रोज दोन फोटो, प्रार्थनेनंतर एक आणि शाळा सुटताना एक. अडचण अशी की फोन मी रोज घरी नेते. दुसऱ्या दिवशी तो तंतोतंत त्याच जागी कसा ठेवायचा? विटांभोवती खडूने रेघा मारल्या, पण खरी मदत केली त्या 'सावली'ने. कालचा ग्लास पुसट दिसतो, त्यावर आजचा ग्लास जुळवायचा. मुलं श्वास रोखून जुळवायची.

फिल्म तयार झाली तेव्हा रोप छान वाढत होतं आणि दर सहा दिवसांनी एकदम उडी मारत होतं. मुलांना वाटलं ॲप बिघडलं. मग एकाने फोटोंच्या तारखा काढल्या आणि शोध लावला की उडी सोमवारी येते. रविवारी शाळा बंद, फोटो नाही, पण वाटाण्याला सुट्टी नाही. आपण पाहिलं नाही म्हणून काही घडलं नाही असं होत नसतं, हे त्या मुलाने त्याच्या शब्दांत सांगितलं : "बाई, आपण नसलो तरी तो वाढतच व्हता." नोंदी सलग का ठेवायच्या यावर मी याहून चांगला पाठ घेऊ शकले नसते. मूळ आधी खाली गेलं आणि कोंब नंतर वर आला, हेही फिल्ममध्ये स्पष्ट दिसलं. वहीतल्या आकृत्यांमध्ये निम्म्या मुलांनी दोन्ही एकदमच काढले होते.

दुसरं ॲप, स्क्रॅचज्युनिअर, पहिली-दुसरीसाठी. टफ्ट्स विद्यापीठ, एमआयटी मीडिया लॅब आणि प्लेफुल इन्व्हेन्शन कंपनी यांनी मिळून केलेलं हे ॲप २०१४ साली आलं. पूर्णपणे मोफत आहे आणि ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी आहे. टॅब लागतो. फोनच्या छोट्या पडद्यासाठी ते नाही. आमच्या शाळेत एकच टॅब आहे, त्यामुळे चार-चार मुलांचे गट आळीपाळीने बसतात.

मी याच्या प्रेमात का आहे ते सांगते. यातले आज्ञांचे ठोकळे चित्रांचे आहेत. पुढे जा म्हणजे बाण, थांब म्हणजे घड्याळ, सुरू कर म्हणजे हिरवा झेंडा. वाचता न येणारं मूलही ते जोडू शकतं, आणि इंग्रजी येत नाही म्हणून कोणी मागे राहत नाही. आमच्याकडची बरीच मुलं घरी कोकणा किंवा महादेव कोळी बोली बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांच्यासाठी पहिल्या वर्षी जवळपास दुसरी भाषाच असते. या ॲपमध्ये आपला आवाज भरता येतो. जून ते सप्टेंबर वर्गात तोंडातून शब्द न काढणाऱ्या एका मुलीने चिमणीसाठी आवाज दिला, तोही तिच्या घरच्या बोलीत. ती वाक्यं मी कितीतरी वेळा ऐकली आहेत.

गोष्ट काऊ-चिऊचीच होती. शेणाचं घर वाहून गेलं आणि कावळा मेणाच्या घराचं दार ठोठावतो. "चिऊताई, चिऊताई, दार उघड", "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते". पहिल्या खेपेला दोघं एकाच वेळी बोलायला लागले. नुसता गोंधळ. मग मुलांना लिफाफ्याचा ठोकळा सापडला. एका पात्राने लिफाफा पाठवला की दुसरं पात्र आपलं काम सुरू करतं. अंघोळ झाली की लिफाफा, काजळ-तीट झाली की लिफाफा, आणि शेवटी दार उघडतं. आधी काय, नंतर काय, कशामुळे काय, हे दुसरीतली मुलं एकमेकांना समजावत होती. पडद्यावर चौकटी दाखवता येतात, २० आडव्या आणि १५ उभ्या. "चिऊला सहा घरं पुढे ने" म्हणत मोजणीही होते. पात्रांना मुलांनी स्वतः रंगवलं, कावळ्याला लाल फेटा बांधला.

मर्यादा दोन. एका गोष्टीला चारच पानं मिळतात, त्यामुळे लांब गोष्ट बसत नाही. मला ही मर्यादा आवडते, मुलं गोष्ट आटोपशीर करायला शिकतात. दुसरी थोडी जाचक आहे : तयार गोष्ट व्हिडिओ म्हणून बाहेर काढायची सोय मी वापरते त्या आवृत्तीत नाही. पालकांना पाठवायची तर पडदा रेकॉर्ड करावा लागतो.

तिसरं, फ्लिपाक्लिप. वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढून पानं फडफडवायची, तोच खेळ पडद्यावर. बोटाने चित्र काढायचं, पुढच्या पानावर मागचं चित्र पुसट दिसतं, त्यात थोडा बदल करायचा. चित्रकलेची आवड असलेल्या मुलांना यात तास न् तास घालवता येतात. मोफत आवृत्तीत थर, म्हणजे एकावर एक ठेवायचे चित्राचे पारदर्शक कागद, मोजके मिळतात आणि फिल्मवर ॲपचं नाव उमटतं. शाळेसाठी ते चालून जातं. पण फोनच्या पडद्यावर मुलांचं बोट रेषेलाच झाकतं, आणि ज्याला चित्र काढायचा संकोच आहे ते मूल इथे हिरमुसतं. कणकेचा गोळा सरकवताना कुणाला संकोच वाटत नाही. म्हणून मी हे ॲप गटातल्या दोघा-तिघांनाच देते. त्यांनी श्वास घेताना बरगड्यांखालचा पडदा खाली जातो आणि सोडताना वर येतो, एवढंच ८ चित्रांत काढलं. सुरेख काढलं.

आणखी एका ॲपचं नाव मी घेणार नाही, पण अनुभव सांगते. तयार पात्रं, तयार हालचाली, दोन बोटं टेकवली की कार्टून हजर. मुलं पहिल्या दिवशी नाचली. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की कोणीच काही ठरवत नाही, सगळं आधीच ठरलेलं आहे. मधे मधे येणाऱ्या जाहिराती मुलांनी बघाव्यात अशा नव्हत्या. आणि एका अपडेटनंतर मुलांच्या सहा फिल्म गायब झाल्या. तिसरीतला एक मुलगा त्या दिवशी डबा न खाता बसला होता. तेव्हापासून नियम केला आहे : फिल्म झाली की त्याच दिवशी ती पेनड्राइव्हवर आणि शाळेच्या संगणकावर. तुम्हीही हे करा, ॲप कोणतंही असो.

मुलांचं नाव, ईमेल, जन्मतारीख मागणारी ॲप्स मी वर्गात आणत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं म्हटलंच आहे. फिल्ममध्ये मुलांचे चेहरे येऊ देत नाही. हात येतात, आवाज येतात, तेवढं पुरे.

कोणी विचारेल, एकच घ्यायचं तर कोणतं? तुमच्याकडे एक जुना फोन आणि चार विटा असतील तर स्टॉप मोशन स्टुडिओ. पाचपैकी पाच गुण. वर्ग पहिली-दुसरीचा असेल आणि टॅब असेल तर स्क्रॅचज्युनिअर, त्यालाही माझ्याकडून साडेचार. फ्लिपाक्लिपला तीन, कारण ते सगळ्या वर्गाचं होत नाही. पहिल्याच दिवशी धडा घेऊन बसू नका. खडूच्या तुकड्यांची शर्यत लावा, पेन्सिल वहीवरून चालवून बघा. दोन तासिका मुलांना नुसतं खेळू द्या. त्यानंतर विषय आणा आणि विषय असा निवडा ज्यात काहीतरी बदलतं, वळतं, वाढतं किंवा विरघळतं. राजधान्यांची नावं पाठ करायला ॲनिमेशन कशाला?

स्टॉप मोशन स्टुडिओची पैसे भरायची आवृत्ती मी तिसऱ्या वर्षी घेतली, तीही एका विशिष्ट गरजेसाठी. बाहेरच्या फोनवर काढलेले फोटो आत आणण्याची सोय तिच्यात आहे. यंदा मुलांनी भाताची फिल्म धरली आहे. राब भाजल्यापासून, म्हणजे रोपांची जागा पालापाचोळा जाळून भाजतात तिथपासून सुरुवात केली, त्या धुराचे ४ फोटो आहेत. मग रोपं, मग आवणी, म्हणजे रोपांची लावणी. आवणीच्या आठवड्यात निम्मा वर्ग शेतात होता, म्हणून कॅमेराही शेतात गेला. शाळेमागच्या खाचराच्या बांधावर दोन विटा पक्क्या बसवल्या आहेत, फोन तिथेच टेकवायचा. पावसाच्या धारेत एकाने छत्री धरायची, दुसऱ्याने फोटो काढायचा. आत्तापर्यंत ६१ फोटो झाले आहेत आणि भात पोटरीत आहे, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणातच आहे.

पण कापणी दिवाळीच्या सुट्टीत येते. तेव्हा मी गावी असेन आणि फोनही माझ्यासोबत असेल. वाटाण्याच्या वेळचा तो सोमवार मुलं विसरलेली नाहीत, उडी नको असं त्यांनी मला बजावलं आहे. एका मुलीच्या वडिलांनी स्वतःच्या मोबाईलवर रोज सकाळी एक फोटो काढायचं कबूल केलंय. ती परवा त्यांना बांधावर घेऊन गेली होती, विटांवर फोन नेमका कसा टेकवायचा ते दाखवायला.